ठिबकचा डबा: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२४

तासगावचा रथ बघायला गेलो होतो. गुलाल झटकत संध्याकाळी दाजींच्या मळ्यावर. ताईनं ताट वाढलं आणि दाजींनी तक्रार वाढली. गेल्या वर्षी त्यांच्या द्राक्षबागेसाठी मी चार व्हॉल्व्हचा ठिबक कंट्रोलर करून दिला होता. लाइट आली, मोटार चालू झाली की एकेक तुकडा आपोआप भिजतो. एक नंबर ४० मिनिटं, दोन नंबर ४०, तीन नंबर ६०, चार नंबर ३०. चालतो झकास. पण फळछाटणी झाली की पाण्याचं गणित दर पंधरवड्याला बदलतं, आणि प्रत्येक बदलाला मी लॅपटॉप घेऊन सांगलीहून यायचं.

"पावणं, डब्यात कॉम्प्युटर हाय म्हणता न्हवं? मग त्यो माझं का ऐकंना?"

सगळे हसले, मीही हसलो. परत येताना गाडीवर मात्र तेच डोक्यात. डब्यात खरंच कॉम्प्युटर आहे का?

१० सप्टेंबर

डबा दुकानात आणून उघडला. एक वाळलेली पाल, मुंग्यांचं घर आणि अर्डुइनो ऊनो, म्हणजे एका चिपचा तयार छोटा बोर्ड. चिप एटीमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्झ. फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी, ईईप्रॉम १ केबी. शेजारी चार रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे स्विच, आणि २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर.

या चिपमध्ये प्रोग्राम फ्लॅशमध्ये राहतो, चालू हिशेबाचे आकडे रॅममध्ये. चिप सूचना उचलते ती फक्त फ्लॅशमधून. रॅममध्ये काहीही भरा, सूचना समजून ती त्याला हात लावत नाही. म्हणजे मी दुकानात जे भरून दिलं तेच डब्याचं नशीब. तीच चिप कोणी वजनकाट्यात घालील, कोणी लिफ्टमध्ये. चिपला सगळं येतं, डब्याला एकच काम येतं.

हे आजचं नाही. १९६९ मध्ये बिझीकॉम नावाच्या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी चिपा हव्या होत्या, डझनभर वेगवेगळ्या. इंटेलच्या टेड हॉफ यांनी सुचवलं की वेगवेगळ्या कशाला, सूचना पाळणारी एकच चिप करू आणि कॅल्क्युलेटरचं शहाणपण शेजारच्या रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच कायमची भरलेल्या मेमरीत, ठेवू. फेडेरिको फॅगिन आणि मासातोशी शिमा यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९७१ मध्ये ४००४ बाजारात आली, ट्रान्झिस्टर २,३००. पण ती बसली त्या कॅल्क्युलेटरला मात्र बेरीज-वजाबाकीच येत राहिली. रॉम मालकाच्या हातात नव्हती ना.

भाचीला, म्हणजे दाजींच्या पोरीला, फोन केला. ती विश्रामबागला हॉस्टेलवर असते, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. म्हणाली, "मामा, मग तुझा डबा कॉम्प्युटर नाही, नुसता टायमर आहे. तुला येतं म्हणून त्याला येतं असं होत नाही." बरोबर बोलली. राग आला.

१४ सप्टेंबर

माळ्यावरून डिप्लोमाच्या वेळचं ८०८५ प्रोसेसरचं किट काढलं. कॉलेजनं भंगारात काढलं तेव्हा किलोच्या भावात घेतलं होतं. पॉवर दिली. सात रेघांचे सहा लाल आकडे पेटले, एक जरा मंद.

बोटांना अजून आठवतं. ३ई, ०५: ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबाच्या खान्यात, पाच घाल. ३सी: एक मिळव. ७६: थांब. एकेक बाइट दाबायची आणि पुढच्या पत्त्यावर जायचं. या किटमध्ये सूचना आणि आकडे एकाच मेमरीत, एकमेकांना खेटून. एकदा प्रॅक्टिकलला ७६ विसरलो, प्रोसेसर पुढं पुढं जात आकड्यांच्या भागात घुसला आणि आकड्यांनाच सूचना समजून पाळायला लागला. मास्तर म्हणाले होते, "त्याला काय माहीत कुठलं काय? त्याला सगळं सारखंच." तेव्हा चूक दाखवताहेत असं वाटलं होतं. आज वाटतं, मास्तरांनी आख्खा विषय सांगितला होता.

मँचेस्टरला १९४८ साली, २१ जून रोजी, पहिल्यांदा जे यंत्र स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीत ठेवलेला प्रोग्राम चालवून दाखवू शकलं त्याला ते लोक 'बेबी' म्हणायचे. मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. त्यात सूचनाही आणि आकडेही. आधीच्या एनिॲक या अमेरिकन यंत्रामध्ये १८,००० च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब होत्या, वेग जबरदस्त, पण नवं काम द्यायचं म्हणजे वायरी उपसून दुसरीकडं खोचायच्या आणि स्विच फिरवायचे. दाजींच्या बागेत मी लॅपटॉप घेऊन जातो तेच, फक्त त्यांचं घर भरून.

१९ सप्टेंबर

कीपॅड आणि १६ अक्षरांचा दोन ओळींचा डिस्प्ले जोडला. दाजी आता स्वतः यादी भरू शकतात: कुठला व्हॉल्व्ह, किती मिनिटं. यादी ईईप्रॉममध्ये, लाइट गेली तरी पुसत नाही. ईईप्रॉमच्या एकेका खान्यात लाखभर वेळा लिहिता येतं, दाजींच्या हयातीत संपायचं नाही.

भाचीला फोटो पाठवला. उत्तर आलं: "छान वेळापत्रक."

२१ सप्टेंबर

विट्याला एका कारखान्यात मागाच्या पॅनेलचं काम होतं. वर जॅकार्ड बसवलेला माग चालू होता. भोकांची कार्डं साखळीसारखी फिरत होती, जिथं भोक तिथला धागा वर. काम झाल्यावर पंधरा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. कानाचे पडदे अजून घुमताहेत.

१८०४ पासूनची ही कल्पना. कार्डं बदला, नक्षी बदलेल, मागाला हात लावायची गरज नाही. कुठलीही नक्षी चालते, मग हा कॉम्प्युटर का नाही? मागवाल्याला विचारलं, धागा तुटला तर? म्हणाला, "माग थांबतो." फक्त थांबतो? "मग काय करणार? आम्ही जाऊन गाठ मारायची." बस. माग बघतो, पण बघून दुसरं कार्ड निवडत नाही. शंभर कार्डं असतील तर शंभराव्यानंतर पहिलंच येणार. जे विणलं ते परत वाचूही शकत नाही.

चार्ल्स बॅबेज यांनी कार्डं इथूनच उचलली, पण १८३७ पासून ज्या ॲनालिटिकल एंजिनाचे आराखडे ते काढत बसले त्यात उत्तर बघून कार्डांची साखळी मागं किंवा पुढं सरकवायची सोय होती. आकडे ठेवायला कोठार वेगळं, हिशेबाची गिरणी वेगळी. यंत्र काही त्यांच्या हातून पुरं झालं नाही.

माझी यादी म्हणजे विट्याचा माग.

२६ सप्टेंबर

दाजींनी न मागता पुढची पायरी मागितली. छाटणी काल झाली. विहिरीचं पाणी खाली गेलं की प्रेशर पडतं आणि तीन नंबरच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचतच नाही. "प्रेशर नसंल तर तीन सोडायचा आणि चारला जायचं. माणूस असता तर त्यानं तेवढं बघितलं असतं." माणूस असता तर! यादीत 'तर' कुठं लिहायचा?

प्रेशर स्विच लावला. वायरिंग अर्धा तास, सॉफ्टवेअर चार रात्री लागणार.

कोनराड त्सुझे यांचं १९४१ चं झेड३ आठवलं. रिलेंवर चालणारं, टाकाऊ सिनेमाच्या फिल्मवर भोकं पाडून प्रोग्राम दिलेलं. त्यात 'असं असेल तर तिकडं जा' ही सूचनाच नव्हती. १९९८ मध्ये राऊल रोहास यांनी सिद्ध केलं की फिल्मची टोकं जोडून माळ केली आणि 'तर'चं काम आकडेमोडीनंच भागवलं, तर तत्त्वतः त्या यंत्रालाही सगळं येतं. तत्त्वतः. दाजींना तत्त्वतः पाणी देऊन चालत नाही.

५ ऑक्टोबर

झालं. सूचना दहा: चालू, बंद, इतकी मिनिटं थांब, खात्यात आकडा ठेव, खात्यात एक मिळव, खात्यातून एक वजा, अमुक ओळीवर जा, खातं शून्य असेल तर जा, प्रेशर नसेल तर जा, आणि संपलं. 'खातं' हे नाव दाजींचं. मी रजिस्टर म्हणत होतो, ते म्हणाले सोसायटीत खातं असतं तसं म्हणा की. खाती चार, प्रत्येकात ० ते २५५. एका ओळीला तीन बाइट, ओळी १००, म्हणजे ईईप्रॉममध्ये ३०० बाइट.

आता गंमत. चिप अजूनही फ्लॅशमधूनच सूचना उचलते. फ्लॅशमध्ये मी भरलेला प्रोग्राम एकच आहे आणि तो कायमचा. पण त्याचं काम एवढंच की ईईप्रॉममधली ओळ वाच, तिचा अर्थ लाव, तसं कर, पुढची वाच. पाण्याबद्दल त्या प्रोग्रामला काहीच माहीत नाही. दाजींनी लिहिलेलं चिपच्या दृष्टीनं नुसते आकडे, आणि तेच आकडे डब्याच्या दृष्टीनं हुकूम.

ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कागदावर हेच मांडलं, तेही असलं एकही यंत्र जगात नसताना. प्रत्येक कामाला वेगळं यंत्र कल्पा. मग त्या यंत्राचं वर्णन फितीवर लिहा. आता असं एकच यंत्र बांधता येतं, जे फितीवरचं वर्णन वाचून त्या यंत्रासारखं वागेल. मग बाकीची बांधायची गरज उरत नाही, वर्णनं लिहीत बसा. दहा सूचना जास्तच आहेत खरं तर. १९६१ मध्ये मार्व्हिन मिन्स्की यांनी दाखवलं की एक मिळवणं, एक वजा करणं आणि शून्य असेल तर वळणं एवढं येत असलं, आणि दोन खाती असली, की पुरे. अट एकच, खात्यात कितीही मोठा आकडा मावला पाहिजे.

भाचीनं तिथंच पकडलं. "तुझ्या खात्यात २५५ च मावतात. मग?" मग काही नाही. ट्युरिंगची फीत न संपणारी, माझी १०० ओळींची. तिच्या लॅपटॉपचीही मेमरी कुठंतरी संपतेच. दोन गुंठेवाला आणि वीस एकरवाला, दोघंही शेतकरीच. तिला हे पटलं नाही. "दोन गुंठ्यात ऊस लावून बघ," म्हणाली.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, आज रविवार. भाची दुकानात आली ती वहीत प्रोग्राम लिहूनच. बेबीनं पहिल्या दिवशी जे गणित केलं तेच तिला या डब्यावर करायचं होतं: दिलेल्या संख्येचा, ती संख्या सोडून, सगळ्यात मोठा विभाजक काढायचा. त्यांनी २ चा अठरावा घात घेतला होता आणि एकेक आकडा खाली येत भाग जातो का बघत गेले, तेही भागाकार न येणाऱ्या यंत्रावर, वजाबाक्या करत. १७ सूचनांचा प्रोग्राम, ५२ मिनिटं लागली, उत्तर १,३१,०७२. आमच्या खात्यात एवढं मावायचं नाही. तिनं ९१ घेतला.

६० व्या ओळीपासून भरला, दाजींचा भाग वर मोकळा ठेवून. तीन खाती. पहिल्यात ९१. दुसऱ्यात ९० पासून सुरुवात. पहिल्यातून एक काढायचा, दुसऱ्यातून एक काढून तिसऱ्यात टाकायचा, दुसरं रिकामं झालं की तिसऱ्यातलं परत दुसऱ्यात ओतायचं. धान्य मापावं तसं. पहिलं खातं संपलं त्या क्षणी तिसरंही रिकामंच असेल तर माप बरोबर बसलं, भाग गेला. नाहीतर दुसऱ्यात एक कमी करून पुन्हा पहिल्यापासून. ९०, ८९, ८८...

कीपॅड वाचायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक सूचनेनंतर मी १० मिलिसेकंदांची विश्रांती ठेवली होती, त्यामुळं डबा सावकाश. आम्ही भडंग खाल्लं, चहा झाला. बारा मिनिटांनी दोन नंबरचा व्हॉल्व्ह बोलायला लागला. टक. टक. टक. बाकावर कोरडा पडलेला व्हॉल्व्ह, खाली पाण्याचा पत्ता नाही. दोघंही बोटं मोजत होतो. तेरा. मग गप्प.

सात तेरे एक्क्याण्णव. द्राक्षाला पाणी देणाऱ्या डब्यानं ते काढलं, आणि मी त्याला भागाकार शिकवलेला नाही. भाची म्हणाली, "हं. आता कॉम्प्युटर."

२० ऑक्टोबर

मळ्यावर बसवला. ९१ चा प्रोग्राम तिनं पुसू दिला नाही. दाजींना दोन तास शिकवलं. माझ्यापेक्षा लवकर समजले, सोसायटीचं रोजकीर्द लिहिलेला माणूस.

४ नोव्हेंबर

घोळ. भाऊबीजेला ताईकडं गेलो होतो आणि मुक्काम केला. पहाटे पाचला दाजींच्या हाकेनं उठलो. तीन नंबर रात्रभर चालू. रात्रपाळीची लाइट आल्यापासून जाईपर्यंत, तब्बल आठ तास. वाफ्यात पाय घोट्यापर्यंत जात होता. आणि नेमका फुलोरा. या दिवसांत दाजी पाणी आखडून ठेवतात, ओल वाढली की डाऊनी रोगाची भीती. दाजी काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

डिस्प्लेवर ओळी वाचत गेलो. त्यांनी ६० मिनिटांचे दहा-दहाचे सहा तुकडे केले होते, दर दहा मिनिटांनी प्रेशर तपासायला. कल्पना माझ्यापेक्षा चांगली.

०७ तीन नंबर चालू.
०८ दुसऱ्या खात्यात ६ ठेव.
०९ दहा मिनिटं थांब.
१० प्रेशर नसेल तर १४ वर जा.
११ दुसऱ्या खात्यातून एक वजा.
१२ दुसरं खातं शून्य असेल तर १४ वर जा.
१३ ०८ वर जा.
१४ तीन नंबर बंद.

तेराव्या ओळीत ०९ हवं होतं. ०८ वर गेला की खात्यात परत सहा. सहाचे पाच, पाचचे परत सहा. रात्रभर. जुन्या डब्यात हे होऊच शकत नव्हतं, कारण जुन्या डब्यात दाजींना काही करताच येत नव्हतं.

६ नोव्हेंबर

दाजींचा फोन. "असं काहीतरी करा की चुकीचं लिहिलं तर डबा घेणारच न्हाई."

मागणी अगदी रास्त आणि हीच नेमकी पुरी होत नाही. कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की फिरतच राहील हे आधीच, न चुकता सांगणारी रीत असू शकत नाही, हे ट्युरिंग यांच्या १९३६ च्याच लेखातून निघतं. फिती न संपणाऱ्या असतील तर. माझी फीत संपते, म्हणून कागद घेऊन बसलो. चार खाती, प्रत्येकी २५६ शक्यता: ४२९ कोटी. गुणिले १०० ओळी: ४२,९०० कोटींहून जास्त अवस्था. तीच अवस्था दुसऱ्यांदा आली की समजायचं, गडी अडकला. म्हणजे तत्त्वतः तपासता येतं. १० मिलिसेकंदांना एक अवस्था धरली तर सगळ्या बघायला १३६ वर्षं. यात व्हॉल्व्ह कुठले उघडे ते धरलं नाही, प्रेशर कधी पडेल ते तर विहिरीलाच माहीत.

आणि थांबणं हवंय कुणाला? रोज पहिल्यापासून चालू होणारा प्रोग्राम थांबूच नये. दाजींना हवंय ते एवढंच की कुठलाही व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहू नये. सूचना कमी करून बघितल्या. 'जा' काढून टाकलं, फक्त 'इतक्या वेळा कर' ठेवलं, तर कुठलाच प्रोग्राम कायमचा अडकत नाही, पण भाचीचा ९१ त्या रूपात बसत नाही आणि दाजींचा प्रेशरवाला वळसाही जातो. रात्री एकपर्यंत खाडाखोड. झोपलो.

९ नोव्हेंबर

कुपवाडला एका जुन्या पॅनेलमधून निघालेले चार ऑन-डिले टायमर भंगारवाल्याकडून आणले. पुढं एक गोल चकती, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायची. प्रोग्राम नाही, मेमरी नाही, एकच काम. रिलेकडून येणारी वायर आधी टायमरला, मग टायमरच्या एनसी संपर्कातून, म्हणजे एरवी जोडलेला आणि वेळ भरली की तुटणारा, व्हॉल्व्हला. चारही ९० मिनिटांवर. आतला कॉम्प्युटर काहीही म्हणो, सलग ९० मिनिटं झाली की व्हॉल्व्ह मिटणार. मोटार चालू राहिली तर फिल्टरपाशी प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह आधीपासून आहेच.

भाचीची शंका: "मी ८९ मिनिटांनी क्षणभर बंद करून परत चालू केला तर टायमर फसेल." फसेल. पण चुकून एवढं शहाणपण कोणाला सुचत नाही.

तीन नंबरचा वाफा वाळतोय. डाऊनी अजून दिसलेली नाही, दाजींनी एक फवारणी जादा घेतली. तिचे पैसे मी देतो म्हटलं, घेतले नाहीत.

१७ नोव्हेंबर

सकाळी सातला दाजींचा फोन. लाइट यायची होती, मोटार बंद, डबा सिंगल फेजवर चालू. ०६ व्या ओळीपासून चालवायचं म्हणून बटणं दाबली आणि ते गोठ्यात गेले. धार काढून परत आले.

"पावणं, कवाचा गप बसलाय, आणि आता दोन नंबर टकाटका वाजायलाय. पाणी न्हाई, काय न्हाई."

ओळ कुठली दाबली विचारलं. जरा वेळ गप्प.

"साठ दाबलं वाटतं."

किती वेळा वाजला?

"मोजतोय कोण? धा-बारा." मग मागून ताईचा आवाज, ती ओट्यावर बसून ऐकत होती. "तेरा," म्हणाली.